खालून दुसरं काज

माझ्या सासूबाई त्या गुन्हेगारी मालिकेचा एकशे तेरावा भाग दर गुरुवारी दुपारी पाहतात. मालिका संपून सहा वर्षं झाली. खुनी कोण हे त्यांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि आमच्याकडे पडदे धुवायला टाकणाऱ्या दवाखान्यातल्या सगळ्या नर्सबाईंनाही ठाऊक आहे. तरी गुरुवारी एक वाजला की दुकानाचं शटर अर्धं खाली येतं, मोबाइल स्टार्चच्या डब्याला टेकून उभा राहतो आणि आई पहिल्या दृश्यापासून रागवायला सुरुवात करतात. एखादी गोष्ट आवडते म्हणून पुन्हा पाहणारे पुष्कळ असतात. आमच्या आई राग पुन्हा यावा म्हणून पाहतात.

आमची लाँड्री आहे. समोर काउंटर, मागे दोन मशिनं, एक दगडी हौद, इस्त्रीचं लांब टेबल, आणि त्या टेबलाला काटकोनात माझं घड्या घालायचं टेबल. दुकान सासऱ्यांनी काढलं. ते गेल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून आई एकट्याच ते ओढताहेत. बुटकी बांधणी, गळ्यात साखळीला लटकणारा चष्मा, उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे जुने डाग. आलेला कपडा त्या आधी हुंगतात, मग पाहतात, मग त्याचे खिसे तपासतात, आणि गिऱ्हाईक दाराबाहेर पडायच्या आत त्याची कुंडली मांडून मोकळ्या होतात. "याने नोकरी सोडली. पँटच्या गुडघ्याला बाक नाही, बसायलाच जात नाही कुठे." पुढच्याच आठवड्यात बातमी येते की खरंच सोडली. तेव्हा गुन्हेगारी मालिका त्यांना का आवडते हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या मते इन्स्पेक्टर पगार घेतो आणि त्या फुकट करतात, एवढाच काय तो फरक.

आता तो भाग. खुनी आपला रक्ताळलेला पांढरा शर्ट लाँड्रीत टाकतो. लाँड्रीवाली तो उकळत्या पाण्यात बुचकळते आणि रक्त गायब. खुनी तोच शर्ट घालून मयताच्या घरी सांत्वनाला जातो, डोळे पुसतो, चहा पितो, आणि इन्स्पेक्टरला त्याच्या कॉलरवर लाँड्रीच्या नंबराचा बिल्ला दिसतो. झालं, सापडला.

"उकळत्या पाण्यात रक्त?" आई मोबाइलला विचारतात. "अरे, रक्त शिजतं! अंड्यासारखं बसतं धाग्यात, मग सात जन्म निघत नाही. गार पाणी, मीठ आणि सबुरी. आणि कॉलरला बिल्ला! दिवसभर हा बाबा गळ्यात नंबर लावून हिंडला आणि घरात एकालाही दिसला नाही? सगळे आंधळे? बिल्ला कुठे बांधतात, सांग गं."

"खालून दुसऱ्या काजात," मी घडी घालता घालता म्हणते.

"हां! खालून दुसऱ्या काजात. शेंबड्या पोराला कळतं."

ही पद्धत सासऱ्यांची. फार पूर्वी त्यांनी एका गवयाच्या रेशमी शर्टाच्या कॉलरला बिल्ला पिनेने टाचला, पिनेला गंज होता, आणि गवई भर मैफिलीत कॉलरवर तांबडा ठिपका घेऊन बसला. तो गवई दुकानात येऊन जे वरच्या पट्टीत बोलला, ते सासरे मरेपर्यंत विसरले नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे पिन बंद. पांढरा दोरा, खालून दुसरं काज, सुरगाठ, आणि एक टोक करंगळीएवढं लांब, म्हणजे ओढलं की सुटतं. खालून दुसरंच का, तर शर्ट पँटमध्ये खोचला की ती जागा आत जाते. डाग पडलाच तरी गिऱ्हाइकाची अब्रू झाकलेली. आई लग्न होऊन आल्या त्या हे पाहतच. मीही तशीच. त्यामुळे सगळ्या जगात बिल्ला असाच बांधतात, याबद्दल आम्हा दोघींच्या मनात कधी शंका आली नाही.

भागाच्या शेवटी जाड्या हवालदार मरतो. गोळी इन्स्पेक्टरवर झाडलेली असते, हा मध्ये येतो. ते दृश्य सुरू व्हायच्या एक मिनिट आधी आई उठतात आणि बॉयलर बघायला जातात. बॉयलर बंद असतो. दर गुरुवारी त्या बंद बॉयलरची नीट तपासणी होते, आणि पाच मिनिटांनी आई नाक ओढत परत येतात. "धूळ फार झालीय मागे. झाडत जा जरा."

हवालदाराचं जाणं आईंनाच लागलं होतं असं नाही. हजारो लोकांना लागलं, आणि त्यातल्या काहींनी हातात लेखणी घेतली. मालिकेतली माणसं घेऊन चाहते स्वतःच पुढच्या गोष्टी लिहितात आणि एका साइटवर टाकतात. फॅनफिक्शन म्हणतात त्याला. आई 'पुढच्या गोष्टी' म्हणतात. माझ्या नवऱ्याने एकदा सहज त्यांना ती साइट उघडून दिली, आणि त्यानंतर घरातलं कुठलंही बटण तुटलं, डाळ करपली किंवा कुणी शिंकलं, तरी आईंना त्यावरून एखादी पुढची गोष्ट आठवायला लागली. नवरा वीजमीटरचे आकडे टिपत घरोघरी फिरतो. तो म्हणतो, "मी दारातून सटकतो, तू अडकलीस."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या आई कसल्या. त्यांनी गिऱ्हाइकांना गोष्टी सुचवायला सुरुवात केली. पावतीच्या पुढच्या बाजूला कपडे, मागच्या बाजूला गोष्ट, डॉक्टर औषध लिहून देतात तशी. माणूस बघून गोष्ट. कोपऱ्यावरच्या दंतवैद्याला, इन्स्पेक्टरची दाढ दुखते ती, नऊ भाग. निवृत्त न्यायाधीशांना, खुनी निर्दोष होता ती. शाळेच्या बाई नुकत्याच नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या. त्यांना आई म्हणाल्या, "इन्स्पेक्टर आणि डॉक्टरीणबाईंचं लग्न होतं ती तुम्ही वाचूच नका. सध्या नको. तुम्ही ही घ्या, हिच्यात सगळी मांजरं आहेत. इन्स्पेक्टर काळा बोका आहे." बाई आठवड्याने आल्या आणि म्हणाल्या, बोक्याने फार आधार दिला.

पण ज्याला त्याला, वय, व्यवसाय, मनःस्थिती काहीही असो, आई एक नाव हमखास लिहून देत. वाफ. "हा वाफ म्हणून जो कोणी आहे ना, त्याला कळतं. त्याच्या गोष्टीत हवालदार मरत नाही, नोकरी सोडून त्या लाँड्रीवालीकडे कामाला लागतो, आणि दोघं मिळून डागांवरून खून शोधतात. आणि रक्त गार पाण्यात! बिल्ला खालून दुसऱ्या काजात! वाचा, आणि मला सांगा."

वाफ म्हणजे मी.

हे कसं झालं ते सांगते. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात मी हौसेने इस्त्री हातात घेतली आणि बँडमध्ये तुतारी वाजवणाऱ्या एका गृहस्थांची पांढरी पँट बरोबर मागून भाजली. इस्त्रीचा ठसा इतका स्वच्छ उठला होता की जाहिरातीला चालला असता. आईंनी ती पँट उजेडाला धरली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून इस्त्रीच्या टेबलाभोवती माझ्यापुरती हद्द आखली गेली. पावत्या फाडायच्या, बिल्ले बांधायचे, बटणं टाकायची, घड्या घालायच्या. तीन वर्षं मी काटकोनात उभी राहून आईंचे हात पाहिले. लोकरीवर ओलं फडकं कधी टाकतात, डाग घासत का नाहीत, टिपतात का, पाण्याचा थेंब इस्त्रीवर कसा नाचला की रेशीम घ्यायचं. करायला मिळेना, म्हणून लिहायला लागले. दुपारी आई डुलकी काढत आणि मी कपड्यांच्या ढिगाआड मोबाइलवर टाइप करत असे. चौदा भाग झाले. लाँड्रीवालीला लिहिताना समोर दुसरं कोण होतं? जशा दिसल्या, तशा उतरल्या.

आणि आईंना ती लाँड्रीवाली मुळीच ओळखू आली नाही. आली नाही ती नाहीच, उलट त्यांनी गोष्टीखाली स्वतःच्या नावाने, दुकानाच्या पत्त्यासकट अभिप्राय टाकला. 'काम चांगलं जाणते, पण बाई फारच तोंडाळ दाखवली आहे. अशी बाई मी माझ्या दुकानात एक दिवस ठेवली नसती.' मी तो ढिगाआड वाचला आणि उशीच्या अभ्र्यात तोंड खुपसून हसले. आईंनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "धूळ फार आहे."

यंदा आईंचा उजवा खांदा धरला. इस्त्री उचलताना त्या दात आवळायच्या, आणि मी पुढे झाले की, "तू घड्या बघ." मग एक दिवस कंपनीचा माणूस आला. शहरभर लाँड्र्या विकत घेणारी मोठी कंपनी. कपडे इथे जमा करायचे, धुवायचे दूर कारखान्यात. त्याने फितीने हौद मोजला आणि हौद काढावा लागेल म्हणाला. रात्री जेवताना आईंनी जाहीर केलं, "देऊन टाकते दुकान. माझ्यानंतर हे येतंय कुणाला? एक मीटर बघत फिरतो, आणि दुसरीच्या हाती इस्त्री दिली तर गावभर उघड्यावर बसायची पाळी येईल लोकांना."

माझ्या तोंडाशी आलं होतं, मला येतं. मला हवंय. पण तुतारीवाल्याची पँट माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली आणि घास गिळला तसे शब्द गिळले. नवऱ्याने पाय मारला, मी पाय काढून घेतला. त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरं, आणि रागही आला, त्यांच्यापेक्षा माझाच जास्त.

चौदाव्या भागात माझी लाँड्रीवाली थकली होती आणि दुकानाची किल्ली हातात धरून दारात उभी होती. किल्ली कुणाला देते ते मला लिहिता येईना. एक आठवडा गेला, दोन गेले, सहा गेले. कंपनीच्या माणसाच्या फेऱ्या वाढत गेल्या. आईंचा अभिप्राय आला. 'बाई सहा आठवडे किल्ली घेऊन दारात उभी आहे. तिचे पाय दुखत असतील. पुढचा भाग टाका.'

मग तो गुरुवार उजाडला. कंपनीचा माणूस शनिवारच्या सह्यांचं ठरवायला नेमका एक वाजता आला. शटर अर्धं पडलेलं, भाग नुकता सुरू झालेला. आईंनी त्याला हातानेच बसवलं. बिचारा चहाचा कप धरून मुकाट पाहत राहिला. कॉलरवरचा बिल्ला आला, आई कडाडल्या, आणि तो भाबडेपणाने म्हणाला, "पण कॉलरलाच तर लावतात."

मी डोळे मिटून घेतले.

"कोण लावतं?"

"सगळेच. मी दोनशेच्या वर लाँड्र्या पाहिल्या. कुणी कॉलरच्या आतल्या पट्टीला लावतं, कुणी लेबलला टाचतं. खालून दुसऱ्या काजात मी फक्त तुमच्याकडेच पाहिलं. मला विचारायचंच होतं, का हो?"

"फक्त आमच्याकडे? अहो, छापून आलंय!" आईंनी चष्मा नाकावर ओढला, मालिका थांबवली आणि मोबाइलवर वाफ उघडून खणखणीत वाचायला लागल्या. "'तिने पांढरा दोरा खालून दुसऱ्या काजातून ओवला, सुरगाठ मारली आणि एक टोक करंगळीएवढं लांब ठेवलं.' ऐकलंत? करंगळीएवढं! या लेखकाला कुणी शिकवलं मग?"

"मला काय माहीत," तो म्हणाला. "इथेच कुठेतरी बसत असेल." त्याने चहा संपवला. आईंनी सवयीने पावतीच्या मागे वाफ लिहून ती त्याच्या हातात कोंबली, आणि तो शनिवारी येतो म्हणून शटरखालून वाकून गेला.

आईंनी मालिका पुन्हा पहिल्यापासून लावली. या वेळी उकळत्या पाण्याला शिवी नाही, कॉलरवर अक्षर नाही. हवालदाराचं दृश्य जवळ आलं, आणि आई उठल्या नाहीत. तो पडला, इन्स्पेक्टरने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पडदा काळा झाला. मग त्यांनी स्टूल ओढून माझ्या टेबलासमोर घेतलं.

"रोज दुपारी दोन ते तीन तू कुठे असतेस?"

"इथेच."

"काय करतेस?"

"घड्या."

"एका तासात किती घड्या?"

मी हातातली घडी मोडून पुन्हा घातली.

"मी डुलकीतून उठते तेव्हा ढीग तेवढाच असतो. मला वाटायचं, सून आळशी आहे." त्यांनी चष्मा काढला. "रेशमाला थेंब नाचवून बघायचा, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या सासऱ्यांनासुद्धा नाही. ते भाग सहामध्ये कसं आलं?"

"पाहिलं म्हणून," मी म्हटलं, आणि कबुलीजबाबाबरोबर रडूही फुटलं.

त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे ती लाँड्रीवाली मी?"

"नाही... म्हणजे... थोडीशी."

"तोंडाळ?"

"भाग चारमध्ये लिहिलंय की, मनाने..."

"वाचलंय मी भाग चार. चाळीस माणसांना वाचायला लावलाय." त्यांचे कान लाल झाले होते. "दंतवैद्याला. न्यायाधीशांना! सगळे ओळखून बसले असतील, आणि मी आपली सांगतेय, अशी बाई मी एक दिवस ठेवली नसती!" एकदम त्यांचा सूर चढला. "एवढं सगळं येत होतं तर बोलली का नाहीस? तीन वर्षं ओरडतेय मी, कुणाला काही येत नाही म्हणून."

"तुम्ही ओरडलात, आई. विचारलं कधीच नाही." आता भीड चेपली होती. "मला दुकान हवंय. हौद काढू देऊ नका."

आई उठल्या. "पडदे मशीनला लाव," म्हणाल्या आणि बंद बॉयलर बघायला गेल्या. शुक्रवार अख्खा गेला, त्या एक शब्द त्याबद्दल बोलल्या नाहीत. मी माझ्या मनाने समजले की उत्तर मिळालं.

शनिवारी कंपनीचा माणूस अकरा वाजता आला. काखेत फाइल, अंगात फिका करडा लोकरी कोट, डोळे सुजलेले. फाइल काउंटरवर टाकून, मी पुढे केलेला चहा घेत त्याने पहिला प्रश्न केला, "किल्ली कुणाला देते हो ती? दोन दिवसांत चौदाही भाग वाचले मी. हवालदाराला देते की नाही? त्यालाच द्यायला पाहिजे!" सांगताना त्याने चहाचा कप धरलेला हात असा काही उडवला की अर्धा चहा कोटाच्या छातीवर.

"कोट काढा," आई म्हणाल्या. मग कोट हातात घेऊन त्या वळल्या आणि तो माझ्या टेबलावर नाही, इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. "घे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते.

आधी बिल्ला. खालून दुसरं काज शोधलं, दोरा ओवला, सुरगाठ मारली. मग डागाखाली कोरडं फडकं, वरून गार पाणी, थेंबभर व्हिनेगर, आणि टिपत राहिले. घासायचं नाही, हात शिवशिवले तरी घासायचं नाही. फडक्यावर पिवळी खूण उतरत गेली आणि कोट मोकळा झाला. मग ओलं फडकं पसरून मी इस्त्री उचलली. तीन वर्षांनी. ती मला आठवत होती त्यापेक्षा जड होती. फुस्स करून वाफ उठली, आई अर्धं पाऊल पुढे आल्या आणि पुन्हा मागे झाल्या. त्या एक चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यांना ओळखणाऱ्या माणसालाच कळेल की यात त्यांची किती ताकद गेली असेल.

मी कोट हँगरला लावला. आईंनी तो हुंगला, उजेडाला धरला, अस्तर चिमटीत घेतलं. माझा जीव तिथे लटकत होता.

"अस्तर ओलं आहे अजून," त्या कंपनीच्या माणसाला म्हणाल्या. "सोमवारी न्या. आणि ती फाइल आजच परत न्या. दुकान द्यायचं नाही. चालवणारं माणूस मिळालंय, तीन वर्षं इथेच काटकोनात उभं होतं, मला दिसलं नाही."

त्याने फाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कोटाच्या दुसऱ्या काजातल्या बिल्ल्याकडे पाहिलं. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "तुम्ही? वाफ?" तो जवळजवळ ओरडला. "अहो, मग किल्ली?"

आईंनी त्याला उत्तर दिलं नाही. मी पावती फाडली, कोट एक, फिका करडा, असं लिहिलं आणि रोजच्यासारखी सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवली. पावतीच्या तळाला 'मालक' म्हणून एक रेघ आहे, तिथे अकरा वर्षं त्यांची सही असते. त्यांनी पावती तशीच माझ्याकडे परत सरकवली.

"कर सही."

"मी? कुठल्या नावाने?"

"आईवडिलांनी ठेवलंय त्या. वाफ म्हणून केलीस तर सोमवारी या गृहस्थाने कोट मागायचा कुणाकडे?"

मी सही केली. हात इस्त्रीने अजून गरम होता आणि अक्षर जरा वाकडं आलं. आईंनी ते चष्मा लावून वाचलं आणि पावती त्याच्या हातात दिली.